अर्धा मार्क

माझ्या पुतणीचा अर्धा मार्क गेला आणि तो माझ्यामुळे गेला, असं दादाचं म्हणणं आहे.

प्रकरण असं. सांगलीत, सहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक तक्ता होता. डावीकडे देश, उजवीकडे तिथल्या माणसांना काय म्हणतात ते लिहायचं. इंडिया–इंडियन, ऑस्ट्रेलिया–ऑस्ट्रेलियन ही उदाहरणं दिलेली. सोमालियापुढे पोरीनं ‘सोमाली’ लिहिलं. बाईंनी लाल पेनानं काट मारून शेजारी ठसठशीत ‘सोमालियन’ लिहिलं. दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हा ‘आमचे शेजारी सोमाली आहेत’ हे मीच तिला सांगितलं होतं. तिनं काकावर विश्वास ठेवला.

बाईंचं मी समजू शकतो. गठ्ठाभर पेपर, हातात उत्तरपत्रिका, संपवायची घाई. चीड आली ती दादाची. त्यानं फोन करून निकालच देऊन टाकला. “सोमाली ही भाषा. माणूस सोमालियन. साधा नियम आहे. तुम्ही तिकडं राहून इंग्रजी बिघडवून घेतलंत.” संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या त्याच्या मंडळींतही म्हणे विषय निघाला आणि ‘सोमालियन’ एकमतानं मंजूर झालं. त्यात तिघे निवृत्त शिक्षक. त्यांच्यातल्या एकानं तरी सोमाली माणूस पाहिलाय का?

हे मी फोनवर बोललो. बोलायला नको होतं. परदेशातल्या माणसानं ‘तुम्ही पाहिलंय का’ म्हटलं की पहिला वाद तिथंच राहतो आणि जुना, घरातला वाद सुरू होतो. आईच्या शेवटच्या आजारपणात कोण कुठं होतं, इथपर्यंत तो जातो. या वेळी गेला नाही एवढंच.

मी मिनेसोटातल्या मिनिआपोलिसला सतरा वर्षं आहे. अमेरिकेतली सगळ्यात मोठी सोमाली वस्ती याच भागात. रस्त्यावरचा बर्फ काढायला स्नो इमर्जन्सी लागली की आज गाडी सम बाजूला लावायची की विषम, हे मला फोन करून सांगणारा माणूस सोमाली आहे. मुलीच्या गणिताच्या बाई सोमाली. शनिवारी केस कापायला लेक स्ट्रीटला गेलो की तिथल्या सोमाली कार्मेल मॉलमध्ये चहा होतोच. त्याला ‘शाह’ म्हणतात; वेलची-दालचिनी घातलेला, आणि सांगायला वाईट वाटतं, पण पुण्यातल्या बऱ्याच अमृततुल्यांपेक्षा बरा. अंजेरो म्हणजे जाळी पडलेली आंबोळीच. आणि भाताच्या ताटात एक अख्खं केळं येतं. पहिल्यांदा मी ते जेवणानंतर खायला म्हणून बाजूला ठेवलं. शेजाऱ्यानं स्वतःचं केळं मोडून मटणाच्या भाताबरोबर सरळ घास केला. मी शिकरण-पोळीवर वाढलेला माणूस, नाक मुरडणार तरी कुठल्या तोंडानं?

माझी मुलगी या शेजाऱ्यांना ‘अदेर’ म्हणते. अदेर म्हणजे काका, आणि मामा म्हणजे ‘अबती’. आपल्यासारखीच त्यांचीही दोन वेगळी नाती. इंग्रजीत दोघांनाही अंकल. ज्या भाषेला काका-मामा वेगळे करता येत नाहीत, तिचं व्याकरण हातात घेऊन आपण सांगलीत बसून सोमाल्यांना त्यांचं नाव सांगतोय.

दादाला मी मुद्दा असा समजावला. इंडियात आधी देशाचं नाव आलं आणि त्यावरून माणसाचं. इथं उलट आहे. आधी सोमाली माणसं, मग त्यांच्यावरून मुलूख. इंग्रजांनी त्याला सोमालीलँड म्हटलं, इटालियनांनी आपल्या सवयीनं मागे ‘इया’ लावून सोमालिया केलं. १९६० साली दोन्ही तुकडे एक झाले आणि देशाला इटालियन वळणाचं नाव राहिलं. आता त्या नावाला पुन्हा शेपूट जोडून माणूस तयार करायचा म्हणजे वासरावरून गाईचं नाव ठेवणं. अरबांचा अरेबिया झाला. म्हणून अरबाला कुणी अरेबियन म्हणतं का? अरेबियन घोडा असतो, समुद्र असतो. माणूस अरब.

यात मी थोडी लबाडी केली, ती इथं सांगून टाकतो. सर्बांचा सर्बिया झाला आणि सर्बियन हा शब्द उजळ माथ्यानं चालतो. मंगोलांच्या मंगोलियाचं मंगोलियन होतं. ही उदाहरणं मला माहीत होती, दादाला सुचली नाहीत, मी सुचवली नाहीत. ‘सोमालियन’ इंग्रजी शब्दकोशांतही सापडतो, हेही मी गिळलं. आणि ‘इकडे असं कुणी बोलत नाही’ हे तर सपशेल खोटं होतं. माझ्या ऑफिसातले, चार पिढ्या मिनेसोटात काढलेले गोरे लोक सर्रास सोमालियन म्हणतात. सोमाली माणसं बहुतेक वेळा ऐकून सोडून देतात.

वहिनीला मात्र एका वाक्यात कळलं. आमचे शेजारी जिगजिगाचे. जिगजिगा इथिओपियात आहे. सोमालियात त्यांनी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. त्यांची बायको केनियातल्या गारिसाची. दोघं घरात सोमाली बोलतात, नातेवाईक जिबूतीपासून मोगादिशूपर्यंत पसरलेले. सोमालियाच्या निळ्या झेंड्यावर जो पांढरा तारा आहे, त्याची पाच टोकं म्हणजे सोमाली माणसं जिथं जिथं वाटली गेली ते पाच मुलूख. त्यातले दोनच सोमालियात आले. त्यातलाही उत्तरेकडचा १९९१ पासून वेगळी चूल मांडून बसलाय. म्हणजे शेजाऱ्यांना ‘सोमालियन’ म्हणणं हा व्याकरणाचा प्रश्नच नाही. ते धडधडीत चुकीचं आहे.

वहिनी मागून म्हणाली, “अय्या, म्हणजे आमच्यासारखंच की.” तिचं माहेर बेळगाव. कर्नाटकचं रेशनकार्ड, घरात मराठी. तिच्या वडलांना तुम्ही महाराष्ट्रीयन म्हणून बघा. आधी ते ‘महाराष्ट्रीयन असा शब्दच नाही, महाराष्ट्रीय म्हणा’ असं सुनावतील, मग तेही नाकारतील आणि ‘मी मराठी’ म्हणतील. यातलं पहिलं दादाही करतो! हॉटेलच्या पाटीवर ‘महाराष्ट्रीयन थाळी’ दिसली की मॅनेजरला बोलावून घेणारा माणूस आहे तो. गोव्याला त्याच्या मित्राच्या घरी मी एकदा चुकून ‘गोवानीज’ म्हणालो होतो, तर परतीच्या गाडीत चोर्ला घाट संपेपर्यंत त्यानं माझी हजेरी घेतली. गोवन म्हणावं, गोंयकार म्हणावं. ती माणसं स्वतःला काय म्हणतात ते विचारायला काय होतं तुला? हे त्याचेच शब्द. सोमालियाला लागू नाहीत, कारण सोमालिया गोव्यापेक्षा लांब आहे.

इथपर्यंत मी फॉर्मात होतो. आता माझी बाजू ऐका.

२०२५ च्या जूनच्या शेवटी महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचे आदेश सरकारनं मागे घेतले, तेव्हा मी इथं एकट्यानं पेढे खाल्ले. माझं एकही मूल महाराष्ट्रातल्या शाळेत नाही. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडे त्यांचा कुणी भाऊबंद ओहायोहून आला होता. शेजाऱ्यांनी माझी ओळख करून दिली, सोमालीत, आणि वाक्यातला मला कळलेला एकच शब्द होता ‘हिंदी’. मी पेटलो. तिथल्या तिथं, हातात समोसा धरून, मी त्या दोघांना समजावलं की हिंदी ही भाषा आहे. माणूस इंडियन. आणि माझी भाषा हिंदी नाहीच, मराठी आहे. पाहुणा जुन्या हिंदी सिनेमांचा भक्त निघाला. तो गोंधळून अमिताभचं नाव घेत राहिला. शेजाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सोमालीत भारत म्हणजे हिंदिया. तिथला माणूस हिंदी. आमच्याकडे तुमच्यासाठी हाच शब्द आहे.”

घरी आल्यावर लक्षात आलं, मी दादाचंच वाक्य बोललो होतो. अमुक ही भाषा, माणूस तमुक. आणि मराठीत आजही महासागर हिंदीच आहे. आपल्या पणजोबांच्या काळातली वर्तमानपत्रं ‘हिंदी लोक’ असंच लिहायची, भाषेचा काही संबंध नसताना. मला माझं नाव कुणी काय घ्यावं याचा एवढा हट्ट कशासाठी? जनगणनेच्या फॉर्मवर मी एशियन इंडियन असतो, सांगलीत अमेरिकेचा काका असतो, आणि माझी मुलगी कुणी विचारलं तर बिनदिक्कत ‘मिनेसोटन’ म्हणून मोकळी होते. शेजाऱ्यांना जिगजिगाला जाऊन वीस वर्षं झाली असतील, तरी त्यांना एक शब्द पुरतो. याचा मला हेवा वाटतो, हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही.

दुसरीही एक गोष्ट बोललेलो नाही. मार्च २०२४ मध्ये नौदलाच्या आयएनएस कोलकातानं पकडलेले ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा दादानं मला बातमीचं कात्रण पाठवलं. मथळ्यात ‘सोमालियन चाचे’. खाली दादाचा शेरा: तुझे शेजारी आले बघ. मी चिडून फोन केला नाही, कारण हा विनोद आमच्यात फार जुना आहे. १९९२ च्या सुमारास दूरदर्शनवर तिथल्या दुष्काळाची चित्रं यायची. बरगड्या निघालेली मुलं, डोळ्यांवर माश्या. मी तेव्हा दहा वर्षांचा, काटकुळा. शर्ट काढून विहिरीवर उभा राहिलो की बरगड्या मोजता यायच्या. दादानं माझं नाव ठेवलं ‘सोमाल्या’. गण्या, पक्या, सोमाल्या. शाळेत पसरलं, गल्लीत पसरलं. दहावीपर्यंत अर्ध्या गावाला माझं खरं नाव माहीत नव्हतं. म्हणजे इंग्रजीत सोमाली की सोमालियन हा वाद घालणाऱ्या आमच्या घराला मराठीतला शब्द तीस वर्षांपूर्वीच सापडला होता, आणि तो कुणी तपासायला दिला नव्हता.

शेजाऱ्यांनी एकदा विचारलं होतं, इथं येण्याआधी तू सोमाली लोकांबद्दल कधी ऐकलं होतंस का? मी म्हणालो, बातम्यांत.

परवा शनिवारी सकाळी गाडी सुरू होईना. उणे अठरा. शेजारी त्यांची गाडी नाकाला नाक लावून जंपर केबल जोडत होते आणि मी हातमोजे काढून फोन बॉनेटवर ठेवला होता, स्पीकरवर. पलीकडे दादा. पुतणीनं बाईंना जाऊन विचारलं म्हणे, आणि बाईंनी अर्धा मार्क परत दिला. दादाला तो आपला पराभव वाटत होता. ‘दोन्ही बरोबर असू शकतं’ एवढ्यावर तो आला होता. मी ताणलं नाही. बोटं बधिर झाली होती.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “बरं, खाल्लंस का काही, सोमाल्या?”

शेजाऱ्यांनी केबलवरून मान वर केली. “तो सोमाली म्हणाला ना?”

“हो.”

“काय म्हणाला?”

“सकाळपासून काही खाल्लं का, विचारतोय.”

“मलाही?” ते म्हणाले, आणि फोनकडे वाकून मोठ्यानं सांगितलं की हो, खाल्लंय, अंजेरो खाल्लाय. दादानं विचारलं, कोण रे ते? मी सांगितलं, शेजारी. मग ते म्हणाले, आता किल्ली फिरव.