शेजारच्या सीटवर कोण बसणार?

लेकीला अठरा पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात तिचं लर्निंग लायसन्स आलं. मोबाइलवर पीडीएफ उघडली आणि तिचा पहिला प्रश्न, "आई, उद्यापासून क्लासला स्कूटर मी एकटी नेऊ ना?" मी नाही म्हटलं. दोन दिवस घरात अबोला. तिच्या ग्रुपमधल्या सगळ्या मुली लर्निंगवरच स्कूटर फिरवतात, कुणाला कुणी अडवत नाही, मग माझ्याच आईला काय झालंय, असं तिचं म्हणणं. तिला समोर बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण तिच्या मैत्रिणींच्या आयाही इथे आहेत.

लर्निंगवर गाडी शिकता येते, एकट्यानं नेता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे, त्यातला नियम ३ अगदी सरळ आहे. शिकणाऱ्याबरोबर पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवं, त्याचं लायसन्स त्याच प्रकारच्या गाडीचं हवं, आणि ते अशा जागी बसलेलं हवं की वेळ आली तर त्याला गाडी आवरता किंवा थांबवता येईल. मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेला मामा यात बसत नाही. स्कूटरवर मागे मैत्रीण, आणि तिचंही लर्निंगच, हे तर मुळीच नाही. दुचाकी शिकताना शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणालाही मागे घ्यायला बंदी आहे. आज साताऱ्यात कुठल्याही कॉलेजच्या गेटवर सकाळी उभं राहून बघा, हा नियम किती जण पाळतात ते.

आणि ही मुलं तरी अठरा पूर्ण झालेली. अकरावीतली पोरं सर्रास एकशे दहा सीसीची स्कूटर घेऊन शिकवणीला येतात, आणि आईवडील सांगतात, सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं की! मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुमच्या दारात उभी असलेली स्कूटर त्यात येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १९९ ए आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंगसुद्धा मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या आठवड्यात आपण सगळे किती चिडलो होतो. महिन्याभरानं शिकवणीबाहेर स्कूटरची रांग होती तेवढीच होती.

लेकीच्या लर्निंगच्या परीक्षेचं सांगते. फोटो आणि सही अपलोड होईना म्हणून आम्ही एका सायबर कॅफेत गेलो. तो मुलगा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "काकू, दोनशे जादा द्या, परीक्षा मीच देतो. दीदींनी फक्त ओटीपी सांगायचा." इतक्या सहज, की जणू झेरॉक्सचे पैसे सांगतोय. शेजारच्या खुर्चीवर एक वडील मुलासाठी तेच करून घेत होते, आणि मुलगा बाहेर बाइकवर बसून होता.

आम्ही उठून घरी आलो. तिनं रात्री लॅपटॉपवर रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि परीक्षा दिली. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. तिचे तेरा आले. चुकलेल्या दोनांतला एक असा होता: अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर आधी कुणी जायचं? चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे तिला माहीत नव्हतं. यवतेश्वरचा घाट आमच्या घराच्या गच्चीतून दिसतो. दर पावसाळ्यात आम्ही कासला जातो ते त्याच घाटानं. ती परीक्षा त्या कॅफेतल्या मुलानं दिली असती तर पंधराला पंधरा मिळाले असते, आणि घाटात वाट कुणी सोडायची हे तिला माहीत नाही हे आम्हाला कधीच कळलं नसतं. मला ते दोन चुकलेले प्रश्न तेरा बरोबर आलेल्यांपेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

ऑनलाइन परीक्षेला माझा विरोध नाही, उलट ही फार चांगली सोय आहे. जून २०२१ पासून आपल्या राज्यात आधारवरून घरबसल्या लर्निंग मिळतं. त्याआधी मेढ्याहून, महाबळेश्वरहून पोरं एवढ्याशा परीक्षेसाठी दिवस मोडून साताऱ्याला यायची. फी एका प्रकारच्या वाहनाला १५० रुपये आणि परीक्षेची ५०. सरकारनं काम एवढं सोपं करून दिलं, आणि आपण त्यातलं शिकणंच काढून टाकलं.

मी स्वतः पंचेचाळिसाव्या वर्षी लर्निंग काढलं. चाळिशी ओलांडलेली म्हणून डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागलं, फॉर्म १-ए. क्लास पंधरा दिवसांचा, रोज अर्धा तास. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. त्यामुळे तिथे माझी गाडी कधी बंद पडली नाही, कधी मागे आली नाही, आणि मला वाटलं आता येतंय. मग घरची गाडी घेऊन राजवाड्याकडून समर्थ मंदिराच्या चढाला लागले. पुढे एसटी थांबली, मी थांबले. एसटी निघाली, मी पहिला गिअर टाकून ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी मागे सरकली. मागे रिक्षा होती. पाय कुठे आहेत तेच कळेना. हे शेजारी बसले होते, त्यांनी काही न बोलता हँडब्रेक ओढला. गाडी थांबल्यावर म्हणाले, "घाई नाही. क्लच हळूहळू सोड, इंजिनचा आवाज बदलला की सांग, मग मी हँडब्रेक सोडतो." आवाज बदलला. मी सांगितलं. गाडी चढली. त्या दिवशी हे ओरडले असते तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नसता, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

माझ्या ओळखीत निदान सात-आठ बायका अशा आहेत ज्यांच्या पर्समध्ये लायसन्स आहे आणि ज्यांनी दहा-दहा वर्षं गाडी चालवलेली नाही. प्रत्येकीची गोष्ट एकच. शिकताना शेजारी नवरा किंवा भाऊ बसला, पहिल्याच चढावर किंवा पहिल्याच वळणावर ओरडला, "तुला जमायचं नाही, उतर." नियम ३ मधलं ते पक्कं लायसन्सवालं माणूस कायद्यापुरतं बसून भागत नाही. त्याचा हात हँडब्रेकजवळ हवा, नजर रस्त्यावर हवी आणि जीभ ताब्यात हवी.

गाडीवरच्या 'एल'चंही तेच. नियमात मापं दिलेली आहेत: पांढऱ्या चौकोनावर लाल 'एल', पुढे आणि मागे दोन्हीकडे, चौकोन १८ सेंटीमीटरचा, अक्षर १० सेंटीमीटर उंच, तळाशी ९ सेंटीमीटर रुंद, जाडी २ सेंटीमीटर. रेडियमवाल्यानं दिलेला 'एल' खाऊच्या पुडीवरच्या स्टिकरएवढा होता. लेकीनं पांढरा कार्डपेपर आणला, कंपासपेटीतली पट्टी घेऊन चौकोन आखला, लाल रेडियम कापून चिकटवलं. त्या कामात अबोला संपला. आता तो 'एल' मागून येणाऱ्याला लांबून वाचता येतो. त्या चढावर माझ्या मागच्या रिक्षावाल्या काकांनी हॉर्न वाजवला नव्हता, दोन हात अंतर ठेवून थांबले होते. तुमच्या पुढे असा 'एल' दिसला तर कृपा करून तेवढंच करा. हॉर्ननं शिकणाऱ्याचा पाय चुकतो.

आणखी एक, कारण हे कुणी सांगत नाही. गाडीच्या विम्याची पॉलिसी काढून त्यातलं चालकाबद्दलचं कलम वाचा. लर्निंगवाल्याला गाडी चालवता येईल असं त्यात आहे, पण नियम ३ पाळला तर, हेही त्याच वाक्यात आहे. लर्निंग हेही लायसन्सच, अपघातग्रस्ताची भरपाई विमा कंपनीनं टाळायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात म्हटलंय. जखमी माणसाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण आपली पोर एकटी स्कूटर घेऊन गेली आणि काही झालं, तर भरपाई कोण देतो याचा विचार करायची वेळ कुणावर येऊ नये. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला साधारण ४६०.

लर्निंग सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी ट्रायल देता येते, म्हणून आपल्याकडे एकतिसाव्या दिवशी एजंट गाठतात, हात बसलेला असो वा नसो. लेकीला मी सांगितलंय, तीस दिवस ही कमीत कमी मुदत आहे. तुझ्याकडे सहा महिने आहेत, आपण ते पुरते वापरू. पावसात चालवायचं, रात्री समोरच्या गाडीचे लाइट डोळ्यांवर येताना चालवायचं, पोवई नाक्यावर संध्याकाळी सहाला चालवायचं, आणि मी प्रत्येक वेळी बरोबर असेन. क्लासलाही स्कूटर तीच चालवते, मी मागे बसते. तिच्या मैत्रिणी हसल्या पहिल्या दिवशी. परवा त्यातलीच एक विचारत होती, काकू, मला पण शिकवाल का, आमच्या घरी कुणाला वेळ नाही.

रविवारी सकाळी सातला कोडोलीच्या एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात. आम्ही दोघी तिथे असतो. ज्या मुलीकडे किंवा ज्या बाईकडे लर्निंग आहे आणि शेजारी बसायला कुणी नाही, तिनं मला मेसेज करावा. गाडी तिची, 'एल'चा कार्डपेपर आमच्याकडे शिल्लक आहे. मी ओरडत नाही.