नाला खोल केला की गाव कायमचं दुष्काळमुक्त होत नाही

उन्हाळा लागला की एक मेसेज गावोगाव फिरतो: जेसीबी लावा, नाला खोल-रुंद करा, पाणी जिरेल आणि एकदाच्या खर्चात गाव कायमचं दुष्काळमुक्त होईल. लोकवर्गणी काढून राबणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच हे दावे तपासायला हवेत.

‘जितकं खोल, तितकं पाणी.’ महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा. वर माती, मग मुरूम, मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक) आणि खाली काळा पाषाण. पाणी धरतो तो मुख्यतः मधला मऊ, फुटका थर. तोच खरवडून काढला तर पाणी धरणार कोण? खोदकामात कडेच्या मुरमातून पाझर फुटतो, ‘पाणी लागलं’ म्हणून नारळ फुटतो. ते पाणी बहुधा शेजारच्या विहिरींचंच असतं. खाली वाट मिळाली, म्हणून ते नाल्यात उतरतं. नाले खोल-रुंद करून पाणी साठवणाऱ्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा दाखला हमखास देतात, पण तिथे तापीकाठचा जाड गाळ आहे. बीड-लातूरला तो कुठून आणणार?

‘एकदाच खर्च.’ माथ्यावर समतल चर, बांधबंदिस्ती, गवत नसेल तर दोन-चार मोठ्या पावसांत नाला पुन्हा गाळाने भरतो. आणि मोठे पाऊस वाढलेत: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. गाळ काढायला, सांडवा दुरुस्त करायला दरवर्षी पैसा लागणार, तो आराखड्यात आधीच धरा.

‘पाणी अडवलं की टंचाई संपली.’ सर्वांत घातक दावा हाच. विहिरीला पाणी वाढलं की ऊस येतो, नवे बोअर पडतात, प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्यानेच भरून उन्हात ठेवली जातात. २०१४ साली सुरू झालेल्या राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाला. भूजलपातळी वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असं ‘कॅग’ने २०२० मध्ये नोंदवलं.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस बेताचाच. तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली, पण सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही, असंही गावाने ठरवलं. पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करणाऱ्या गावाने जेसीबीचं भाडं ठरवण्याआधी हा ठराव करावा.