अकरा हजारांची हवा

बाबांनी माझं नवं अकरा हजारांचं जॅकेट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर डिजिटल काटा असतो. तो आईने केक शिकायचा म्हणून आणला होता. केक दोनदा झाला. तेव्हापासून त्या काट्यावर बाबा दुधाच्या पिशव्या, कुरिअरची पाकिटं आणि भाजीवाल्याचा प्रामाणिकपणा मोजतात.

"३२० ग्रॅम," आतून आवाज आला. मग जरा शांतता. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना कॅलक्युलेटर लागत नाही. "ग्रॅमला ३४ रुपये ३८ पैसे पडले. काजूकतली स्वस्त पडते रे याच्यापुढे. आणि ती खाता तरी येते."

डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या शिखरावर जायचं ठरलं, तिथे बर्फ असतो, आणि माझ्याकडे लग्नात मिळालेला एक स्वेटर सोडला तर थंडीचं काही नव्हतं, एवढीच या खरेदीमागची कथा. दुकानातल्या पोराने मुठीएवढी पिशवी काढली, चेन उघडली आणि आतून लाल रंगाचं जॅकेट फस्सकन बाहेर आलं. उन्हात टाकलेला पापड तेलात पडावा तसं ते माझ्या डोळ्यांदेखत फुललं. "आठशे फिल पॉवर आहे, सर," तो म्हणाला. मी जाणत्यासारखी मान हलवली. मान हलवली की समोरच्याला बिल करायला सोपं जातं.

आठशे म्हणजे काय, ते घरी आल्यावर वाचलं. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं मोकळी सोडली की ती ८०० घनइंच जागा अडवतात. आपल्या भाषेत १३ लिटर, म्हणजे एक बऱ्यापैकी घागर. माझ्या जॅकेटात ९० ग्रॅम भरलेली. हे मी मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. ती चूक झाली.

"म्हणजे चाळीस लिटरच्या वर हवा," बाबा म्हणाले. "तू हवा विकत आणलीस."

"अडकवलेली हवा, बाबा. तीच ऊब धरून ठेवते."

"मग माझ्या गोधडीत काय असतं?" आई आतून म्हणाली. "चार जुनी लुगडी आणि मधे हवाच की. तिला कुणी अकरा हजार दिले नाहीत."

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने आईचं बरोबर होतं, म्हणून मी विषय बदलायला गेलो आणि आत कसली पिसं आहेत ते सांगून बसलो. खरं तर पीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मधे काडी असलेलं पीस येतं, तसलं हे नसतं. बदकाच्या छातीवर मोठ्या पिसांच्या खाली जी मऊ लव असते ती ही, इंग्रजीत 'डाउन'. मधे एक टिंब आणि त्यातून चहूकडे निघालेले तंतू, थेट रुईच्या म्हातारीसारखे. पण आईच्या कानापर्यंत फक्त 'बदक' पोचलं. तिने जॅकेटाला लागलेला हात पदराला पुसला आणि दोन नियम केले. हे घालून देवघरात यायचं नाही, आणि श्रावणात हे कपाटाबाहेर काढायचं नाही. श्रावणात पुण्यात डाउन जॅकेट घालणारा माणूस अजून जन्मायचाय. पण नियम तो नियम. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'बदक' पडलं ते पडलंच. "तुझं बदक खुर्चीवरून उचल, मला बसायचंय," असं आमच्याकडे सहज बोललं जातं.

पैसे जास्त गेले की माणूस त्याला ऐतिहासिक आधार शोधायला लागतो. मला जॉर्ज फिंच सापडला. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतला हा रसायनशास्त्रज्ञ. बाकीचे साहेब लोकरीचे आणि ट्वीडचे कोट घालून निघाले होते. या पठ्ठ्याने फुग्याच्या कापडाचा हिरवा कोट शिवून घेतला आणि आत पिसं भरली. सगळे त्याला हसले. वरचा वारा लागल्यावर हसणं थांबलं, आणि फिंच ऑक्सिजन लावून २७,००० फुटांच्या वर गेला. हे मी जेवताना सांगितलं. बाबांनी आमटीचा भुरका मारला आणि विचारलं, "त्याने कितीला शिवला होता?"

आता घडीबद्दल. हे जॅकेट स्वतःच्याच खिशात मावतं, असं दुकानातल्या पोराने करून दाखवलं होतं. त्याला बारा सेकंद लागली. मला पाऊण तास लागला. एक बाही कोंबावी तर हुड बाहेर येतो, हुड दाबावा तर कमरेकडचा भाग माझ्याकडे बघून हळूच फुगतो. गणपतीचं मखर दरवर्षी त्याच खोक्यातून निघतं आणि त्याच खोक्यात परत मावत नाही, त्यातलाच हा प्रकार. शेवटी बायको त्यावर बसली आणि मी चेन ओढली. असं दोन माणसांनी वापरायचं हे एकट्याचं जॅकेट.

निघण्यापूर्वी सराव म्हणून मी ते तळजाईच्या टेकडीवर घालून गेलो. पुण्यात पहाटे थंडी होती, पारा दहाच्या आसपास असेल. पहिली पाच मिनिटं मी राजा होतो. दहाव्या मिनिटाला कपाळ ओलं झालं. पंधराव्या मिनिटाला पाठीवरून पहिला ओघळ निघाला. जॅकेट स्वतः काही गरम नसतं, ते फक्त तुमचीच ऊब तुम्हाला परत देतं. पण कधी थांबायचं ते त्याला कळत नाही. समोरून कानटोपी आणि बंडी घातलेले आमच्या सोसायटीतले एक काका आले. "जर्किन छान आहे," म्हणाले. "बरं नाहीये का?"

येताना स्कूटरवर हुडाचा स्वभाव कळला. हेल्मेटच्या आत तो मावत नाही. बाहेर ठेवावा तर सिंहगड रोडवर त्यात वारा भरतो आणि कुणीतरी मागून मानगूट धरल्यासारखं वाटतं. डोक्यावर घेऊन चालावं तर त्याची वेगळी मजा: आपण मान वळवतो, हुड वळत नाही. त्यामुळे रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायला जावं तर उजवीकडे फक्त अस्तर दिसतं. शिवाय कानांवर ते कापड सारखं खुसखुसतं आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्या दिवशी एक रिक्षावाला मला काय म्हणाला ते मला आजतागायत माहीत नाही. चेहऱ्यावरून तरी ते कौतुक नव्हतं.

केदारकंठाचा पायथा म्हणजे सांकरी. देहरादूनहून पुरोला, मोरी करत जीपने अख्खा दिवस जातो. संध्याकाळी पोचलो तेव्हा अंगणात शेकोटी पेटलेली होती, आणि थंडीत शेकोटी दिसली की मराठी माणूस दुसऱ्या कशाचा विचार करत नाही. बदक घालून पुढच्या रांगेत बसलो. देवदाराचं लाकूड तडतडतं हे मला ठाऊक नव्हतं. एक ठिणगी उडाली, डाव्या बाहीवर बसली आणि विझली. इतकं साधं. आवाज नाही, जाळ नाही. बाहीवर तांदळाच्या दाण्याएवढं भोक होतं आणि त्यातून एक पांढरा तंतू डोकं काढून बाहेरची हवा बघत होता.

पातळ नायलॉन तो. हलकेपणाचे पैसे मोजले होते, हलकेपणा मिळाला. मी तो तंतू चिमटीत धरून ओढला. त्याच्यामागे दुसरा आला. दुसऱ्यामागे तिसरा, रुमालातून रुमाल काढणाऱ्या जादूगारासारखे. आमचा गाइड, विशी-बाविशीचा पोरगा, धावत आला. "सरजी, खींचना नहीं! अंदर से पकड़ो!" त्याने आतल्या बाजूने चिमटीत धरून बाहेर आलेली सगळी लव मागे खेचली, आणि प्रथमोपचाराच्या डब्यातली जखमेवर लावायची चिकटपट्टी भोकावर चिकटवली. पहिल्याच रात्री जखमी. ती पट्टी पुढे महिनाभर तशीच होती. ऑफिसात लोक जॅकेटाला काय लागलं ते विचारायचे, मला कुणी विचारलं नाही.

शिखरासाठी रात्री तीनला निघायचं होतं. गाइडने आदल्या दिवशीच बजावलं होतं, चालताना हे घालायचं नाही, थांबल्यावर घालायचं. पण रात्रीचे तीन, तंबूबाहेर शून्याखालची थंडी, आणि बॅगेत अकरा हजार रुपये घडी करून ठेवायचे? मी घातलं. अर्ध्या तासात तळजाई झाली. घाम आत मुरला, आणि पिसं ओली झाली की ती चिकटून बसतात, हवा धरत नाहीत. मग अकरा हजारांचं जॅकेट आणि ओलं वर्तमानपत्र यांत फार फरक राहत नाही. गाइडने माझ्याकडे बॅटरी मारली, सुस्कारा टाकला, जॅकेट काढायला लावलं आणि स्वतःच्या बॅगेवर वाळत टाकून नेलं. त्याच्या अंगात हाताने विणलेला स्वेटर आणि रंग उडालेलं जर्किन होतं.

खोटं कशाला बोलू, माथ्यावर मात्र ते कामाला आलं. १२,५०० फूट, सूर्य नुकता वर आलेला, आणि वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गार पडावं. मी आत शिरलो, चेन हनुवटीपर्यंत ओढली, हुडाच्या दोऱ्या आवळल्या. बशीएवढा चेहरा बाहेर राहिला. आत माझाच श्वास ऐकू येत होता, आणि मानेच्या मागे, जिथे वारा नेहमी वाट काढतो, तिथे हळूहळू कुणीतरी कोमट हात ठेवावा तसं झालं. वीस मिनिटं मी तसा उभा होतो. आयुष्यातली फार चांगली वीस मिनिटं. बाबांनी नंतर हिशेब करून मिनिटाला ५५० रुपये सांगितले. तिथला माझा फोटो आहे. लाल रंग, आडव्या फुगीर वळ्या, वर छोटं डोकं. आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर मामाने पहिला प्रश्न विचारला, "भरलेला आहे की रिकामा?" तेव्हा कळलं की मी गॅस सिलिंडरसारखा दिसतो.

परत आल्यावर ते धुवायला हवं होतं. कारण त्याला धूर, घाम आणि मॅगी यांचा मिळून एक वास येत होता. सूचनांचं लेबल वाचलं. त्यात काय करू नये त्याची यादी माझ्या लग्नातल्या आहेराच्या यादीएवढी होती. पिळायचं नाही. घासायचं नाही. नेहमीची पावडर नाही. ड्रायक्लीन नाही. मोठ्या टबात कोमट पाणी घेतलं आणि जॅकेट सोडलं. ते बुडेना! चाळीस लिटर हवा ती, तरंगणारच. मी एक बाही दाबली की दुसरी वर. दोन्ही बाह्या धरल्या की पाठ फुगून वर. न्हाणीघरात अर्धा तास मी एका बदकाला बुडवायचा प्रयत्न करत होतो, आणि बदकाला पोहता येतं हे विसरलो होतो.

भिजलं तेव्हा मात्र असं भिजलं की उचलवेना. सगळी पिसं गोळा होऊन प्रत्येक कप्प्याच्या तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी बसली. बाकी नुसतं कापड, आरपार दिसणारं. आणि तो वास! ओल्या बदकाचा वास मी आधी कधी घेतला नव्हता, पण नाकाला लगेच ओळख पटली. आईने उदबत्ती लावली. कामाला येणाऱ्या मावशी न्हाणीघराच्या दारातूनच म्हणाल्या, "दादा, हे काय मेलंय?"

कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टेनिसचे बॉल टाकून फिरवलं की गोळे सुटतात, असा उपाय आहे. आमच्याकडे मशीन नाही, गच्ची आहे. शेजारच्या पोरांकडून क्रिकेटचे दोन टेनिस बॉल आणले आणि हातानेच आपटत बसलो. लहानपणी आमच्या वाड्यात पिंजारी यायचा. त्याची ती तांत ट्वंग ट्वंग वाजायची आणि दगड झालेला कापूस ढगासारखा उडायचा. त्याची तेव्हा फार आठवण आली. तीन दिवस मी दर दोन तासांनी गच्चीवर जाऊन गोळे बोटांनी चुरडत होतो. समोरच्या गच्चीवरून आजींनी विचारलं, "खारोड्या घातल्यास का रे?"

चौथ्या दिवशी ते फुललं. त्यानंतर मी कुणाला हात लावू दिला नाही. घडी करून दाबून ठेवलं तर पिसांचा फुलोरा जातो, म्हणून ते कपाटात मोकळं टांगायचं. त्यासाठी माझे चार शर्ट माळ्यावर गेले. धूळ नको म्हणून वरून आईची जुनी सुती साडी. कपाटाचं दार आपटायचं नाही.

यंदा जानेवारीत थंडी पडली तेव्हा मी गोधडी पांघरून, तो लग्नातला स्वेटर घालून चहाची वाट बघत होतो. सकाळचे सहा. दूध आणायला गेलेले बाबा आले. लाल. आडव्या वळ्या. हुड डोक्यावर, दोऱ्या आवळलेल्या, बशीएवढा चेहरा.

"वसूल करतोय," ते म्हणाले आणि थेट ओट्याशी गेले. आईने चहाचं आधण ठेवलं होतं, शेजारच्या बर्नरवर पोह्यांची फोडणी. बाबा शेकायला म्हणून गॅसकडे वाकले. मोहरी तडतडायला लागली.

"बाबा, मागे व्हा! बाबा, गॅस!" मी गोधडीतून ओरडलो.

बाबांनी मान वळवली. हुड वळला नाही.

"काय म्हणतोस?" ते अस्तराकडे बघत म्हणाले.