मुलीसारखी

आज सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी 'सुजाता' दाखवला. बिमल रॉय यांचा, १९५९चा. संपला तेव्हा अर्धा हॉल डोळे पुसत होता, मीसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या बाई म्हणाल्या, "इतकी गुणी पोर! हिला कोण नाही म्हणेल?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. गुणी नसती तर? एकदा तरी उलटून बोलली असती तर?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. साथीत आईबाप गेलेली अस्पृश्यांची तान्ही मुलगी एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरी वाढते. त्या घरातली आई, चारू, म्हणजे आपल्या सुलोचनाबाई. आल्यागेल्याला सुजाताची ओळख करून देताना त्या 'बेटी' म्हणत नाहीत, 'बेटी जैसी' म्हणतात.

ही 'जैसी' मी ऐकत मोठी झाले. दहावीला मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचे. तिची आई, आम्ही त्यांना माई म्हणायचो, माझी वेणी घालायच्या, सणाला पुरणपोळी बांधून द्यायच्या. कोणी आलं की म्हणायच्या, "आमच्या मुलीसारखीच आहे." त्यांच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं. माझं फुलपात्र तेवढं बिननावाचं. ते फडताळात नसायचं, मोरीच्या खिडकीत पालथं घातलेलं असायचं. पाणी पिऊन मीच ते विसळून तिथे ठेवायचे. आपल्याला कोणी असं करायला सांगितलं नव्हतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

सिनेमातली सुजाताही अशीच न सांगता सगळं करते. घर सांभाळते, गप्प राहते, आणि शेवटी चारू जिन्यावरून पडते तेव्हा रक्त जुळतं ते हिचंच. मग चारू तिला पोटाशी धरते. मी हॉलमध्ये विचारलं, "रक्तगट जुळला नसता तर?" कोणी काही बोललं नाही. शेजारच्या बाई पर्स आवरायला लागल्या.

अजून एक सलतं. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली १९५६ला. तीन वर्षांनी आलेल्या या सिनेमात सुजाता जीव द्यायला निघते तेव्हा तिला थांबवतं गांधीजींचं वचन. बाबासाहेब कुठेच नाहीत. आईबाप मेले की तिच्या जातीचं, तिच्याशी दोन शब्द बोलणारं माणूसही पडद्यावर उरत नाही. ती कोणाला विचारणार होती?

मान्य आहे, त्या काळात बड्या तारकेला घेऊन असा सिनेमा काढायला छाती लागते. नूतनचा तो चेहराही विसरता येत नाही. सिनेमातली आत्या, म्हणजे ललिता पवार, निदान तोंडावर बोलते, तिचा राग करता येतो. माईंचा राग मला कधी नीट करताच आला नाही. त्यांच्या मायेत खोट नव्हती. वेणी घालताना केस ओढला गेला तर स्वतःच 'आई गं' म्हणायच्या.

शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून असायचे. मैत्रीण परदेशात. माझ्याच बाटलीतलं पाणी माझ्या हातून प्यायल्या, दोन घोट. नर्सनं विचारलं, "मुलगी का?"

माईंनी माझा हात घट्ट धरला होता. म्हणाल्या, "मुलीसारखी."

मी बाटलीचं झाकण लावत बसले.