कार्यशाळा घ्या, पाणी ओसरेल

परवा एका सभागृहात बेळगावच्या बळ्ळारी नाल्यावर 'विचारमंथन' झालं. नोटीस कानडीत, पीपीटी इंग्रजीत, आणि ज्यांचं शिवार बुडतं ते वडगाव-येळ्ळूरचे शेतकरी मागच्या रांगेत गप्प. शिकण्यासारखं पुष्कळ होतं, म्हणून तुम्हालाही सांगतो.

आधी प्रश्न 'गुंतागुंतीचा' आहे असं जाहीर करा. काही सामाजिक प्रश्नांची नेमकी व्याख्याच करता येत नाही आणि ते सुटले म्हणायची खूणही नसते, असं रिट्टेल आणि वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये लिहिलं. त्यांचा रोख तज्ज्ञांच्या फाजील आत्मविश्वासावर होता. तुम्ही मुदतवाढीसाठी वापरा.

मग समिती. सीमाप्रश्नावर महाजन आयोग १९६६ ला नेमला, १९६७ ला अहवाल आला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात. पद्धत आपल्याकडे सिद्ध झालेली आहे.

मुद्दे लिहून फळ्यावर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या विसरू नका.

आता प्रत्यक्ष काम. पावसाच्या तोंडावर जेसीबी आणा आणि फोटोत मावेल तेवढाच नाला उपसा. गाळ काठावरच टाका, पहिल्या मोठ्या पावसात तो परत आत. जलपर्णी वरवर ओढा. उरलेल्या रोपांना फुटवे येतात आणि महिन्याभरात मोरीचं तोंड बंद. सुरुवात नेहमी वरच्या अंगानं करा. वर मोकळं झालेलं पाणी धावत खाली येतं, खाली गाळ आणि अरुंद मोरी, मग ते जाणार कुठं? भातात! धूळवाफेवर पेरलेलं कोवळं भात आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिलं की कुजतं. दुबार पेरणीचं बियाणं कोण देणार? मजुरी कोण देणार? पंचनाम्याला माणूस येतो तो पाणी उतरल्यावर, आणि 'एवढं काही दिसत नाही' म्हणतो. तेव्हा तुमची ती निळी चिठ्ठी कुठं चिकटवायची?

असो. सल्ला अजून संपलेला नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव स्लाइडवर हवंच. सामाईक पाणी, जंगल लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवल्याबद्दल त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. स्लाइड झाली की माईक पुन्हा साहेबांकडं द्या.

पुरे. अहो, खालच्या टोकापासून वर या. गाळ त्याच दिवशी ट्रॅक्टरनं हलवा. जलपर्णी मुळासकट काढून लांब वाळवा. प्रत्येक मोरीची रुंदी नाल्याशी ताडून बघा. नाल्याची हद्द शेतकऱ्यांसमोर मोजा, आणि सही घेण्याआधी कागद मराठीत वाचून दाखवा. हे सगळं एप्रिलात. जूनमध्ये हार घालून नव्हे.