“फॉरमॅट करावी लागेल” हे उत्तर इतके स्वस्त का?

गेल्या आठवड्यात रात्रभर लॅपटॉपची कार्यप्रणाली अद्ययावत होत राहिली. सकाळी वेंगुर्ल्यातील घरी बाह्य हार्ड डिस्क जोडली, तेव्हा तिचा दिवा लागला, आतली चकती फिरू लागल्याचा बारीक आवाजही आला, पण पडद्यावर तिचे नाव कोठेच दिसेना. त्या एक टीबीच्या डिस्कवर गावोगावच्या जत्रांमध्ये मी चित्रित केलेले दशावतार आहेत, आडदशावतारातील (खेळाच्या सुरुवातीच्या भागातील) संकासुरापासून पहाटे संपणाऱ्या आख्यानापर्यंत. त्यांतील दोन कलावंत आज हयात नाहीत.

लॅपटॉप आणि डिस्क घेऊन मी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथील तरुणाने दोन मिनिटे पाहून “करप्ट झाली आहे काका, फॉरमॅट करावी लागेल” असे सांगितले. मी दोन्ही वस्तू पिशवीत घालून परत आलो. फॉरमॅट केल्यावर, म्हणजे पुसून नव्याने तयार केल्यावर, डिस्क पुन्हा वापरता येते हे खरे, पण गिऱ्हाईक आलेले असते ते तिच्यावरच्या ऐवजासाठी. रिकामी डिस्क तर बाजारात नवीही मिळते. त्याने ती शेजारच्या संगणकाला जोडून पाहिली असती, तरी दोष डिस्कचा की लॅपटॉपचा, याचा उलगडा तेथेच झाला असता.

घरी विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ (जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी दाखवणारी सोय) उघडले, तर डिस्क तेथे होती. आकार ९३१ जीबी (कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत, म्हणून एक टीबीचे एवढेच दिसतात), स्थिती ‘हेल्दी’, फक्त नावापुढचे (सी, डी यांसारखे) अक्षर नाहीसे झालेले. कोणत्या डिस्कला कोणते अक्षर, याची नोंद कार्यप्रणाली स्वतःजवळ ठेवते. ती नोंद बिघडली किंवा तेच अक्षर दुसऱ्या ड्राइव्हने घेतले, तर शाबूत डिस्कही फाइलींच्या खिडकीत येत नाही. ‘डिस्क मॅनेजमेंट’मधील या डिस्कच्या पट्टीवर उजवे क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून मी ‘टी’ हे अक्षर दिले आणि सगळ्या जत्रा जागच्या जागी दिसल्या. वर्णमालेच्या शेवटाकडचे अक्षर मुद्दाम निवडले, कारण नवा पेनड्राइव्ह किंवा कार्ड जोडल्यावर सुरुवातीची अक्षरे आधी वापरली जातात.

प्रत्येकाचे एवढ्यावर भागेल असे नाही. डिस्क या यादीतही नसेल, तर आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहावे व मधला हब (एका पोर्टला अनेक वस्तू जोडू देणारे उपकरण) काढून टाकावा. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलीअँपिअर देते आणि यूएसबी ३ चे ९००, त्यामुळे जुन्या पोर्टवर काही डिस्क नुसत्या टकटक करत राहतात. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तर पोर्टच्या पत्र्यांवर गंज चढतो, तो पाहायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. त्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून त्या डिस्कची नोंद काढून संगणक पुन्हा सुरू करावा, तिचा ड्रायव्हर (डिस्क ओळखून चालवणारी छोटी प्रणाली) नव्याने बसतो.

मला खरी चीड येते ती पडद्यावर आपणहून उगवणाऱ्या चौकटींची. डिस्क वाचता आली नाही की लगेच ‘फॉरमॅट करायचे का?’ किंवा ‘इनिशियलाइझ’ (डिस्क कोरी समजून वापरासाठी नव्याने तयार करणे) असे विचारले जाते आणि ‘ओके’ दाबायची सवय लागलेला माणूस ते दाबून मोकळा होतो. अशा वेळी ‘कॅन्सल’ दाबावे आणि डिस्कवर एक अक्षरही नवे लिहू नये. झटपट फॉरमॅटमध्ये बहुतेक फक्त फाइलींची अनुक्रमणिका पुसली जाते, म्हणून काही परत मिळण्याची आशा असते. पूर्ण फॉरमॅटमध्ये मात्र आजच्या प्रणाली डिस्कभर शून्ये लिहितात आणि मग कोणत्याही दुकानात जाऊन उपयोग नसतो.

सध्या मी सगळे चित्रण दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेत आहे. कालपासून वीज तीनदा गेली, त्यामुळे अजून निम्मेही झालेले नाही.