गोळ्यांचा डबा पेशंटच्याच हातात द्या

लेखात म्हटलंय की हार्टच्या पेशंटच्या औषधांकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. पटलं, पण अर्धंच. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून आई गोळ्या काढून द्यायची आणि बाबा गिळायचे, कुठली कशाची काही पत्ता नाही, आई मालेगावला मावशीकडे गेली की सगळा घोळ. मग ताईने सात कप्प्यांचा डबा आणला नि भरायचं काम बाबांनाच दिलं, आम्ही फक्त रात्री कप्पा रिकामा झाला का बघतो. आता बाबाच शेजाऱ्यांना सांगतात, रक्त पातळ करायची गोळी स्टेंटमधे, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत, गुठळी होऊ नये म्हणून असते, दात काढायचा असला तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. कोलेस्टेरॉलचंही तेच, रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू आहे म्हणून, लोक नेमकी तेव्हाच सोडतात!

आणि मीठ. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, त्यात लोणचं पापड पण आलं. एकट्या पेशंटला अळणी आणि बाकीच्यांना झणझणीत, असं किती दिवस चालणार? आम्ही सगळ्यांचंच कमी केलं. रविवारची मिसळ मात्र नाशिककराला सुटत नाही हो, कधीमधी अर्धी, तर्री आणि पापड न घेता, यावर तह झालाय.

ज्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे त्यांनी रोज सकाळी वजन पण करावं, दोन-तीन दिवसात २ किलो वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, लगेच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.